एका विद्येने न होणारे काम

विजेच्या सूक्ष्म उपकरणांचा कारखाना विद्युत् अभियंत्यांनीच काढला असणार, असे आपण धरून चालतो. १९५७ साली कॅलिफोर्नियात आठ तरुणांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली. त्या आठांत विद्युत् अभियंते एकटे ग्रिनिच. नॉइस, हर्नी व लास्ट भौतिकशास्त्रज्ञ, मूर रसायनशास्त्रज्ञ, रॉबर्ट्स धातुशास्त्रज्ञ, तर ब्लँक व क्लायनर यंत्रविद्येचे.

कामेही तशीच वाटलेली होती. रॉबर्ट्स सिलिकॉनचे स्फटिक वाढवीत. मूर भट्टीत त्यांच्यात बोरॉन-फॉस्फरससारखी द्रव्ये नेमक्या मापाने मुरवीत. लास्ट व नॉइस छायाचित्रणाने त्यांवर नक्षी उमटवण्याची साधने सिद्ध करीत. ब्लँक-क्लायनर यंत्रशाळा सांभाळीत. ग्रिनिच तयार माल पारखीत. १९५९ साली हर्नी यांनी स्फटिकावरचा ऑक्साइडचा थर खरवडून न टाकता कवच म्हणून राखला. त्याच थरावरून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या नेऊन अनेक भाग एकाच तुकड्यात जोडण्याची कल्पना नॉइस यांनी मांडली.

मुलाने कोणती शाखा घ्यावी, यावर आपल्याकडे घरोघर खल चालतो. त्याने कोणतीही घ्यावी. पण शेजारच्या शाखेचा माणूस काय बोलतो, हे त्याला कळावे, एवढी सोय आपण आपल्या शाळा-महाविद्यालयांतून केली पाहिजे, असे आम्हांस वाटते.