माफी कोणी मागायची?

प्रेमकथा म्हटली की भेट, विरह आणि मीलन आपल्याला आठवते. अमेरिकेत मात्र ऐतिहासिक प्रेमकथेचा एक प्रकार असा रुजला आहे, की त्यात नायक-नायिकेइतकेच देवालाही स्थान असते. कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या १९७९ सालच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली' या कादंबरीने त्याला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला.

याच वाटेवरची फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' ही कादंबरी १९९१ साली आली. २०२२ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. काळ आहे कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतरचा, १८५० च्या सुमाराचा. कथेचे मूळ मात्र बायबलच्या जुन्या करारात आहे. भरकटलेल्या पत्नीला चांदी आणि जव मोजून घरी आणणाऱ्या होशेय संदेष्ट्याची ती कथा.

कादंबरीत मायकेल होशेय हा शेतकरी आहे. एंजल कोवळ्या वयातच वेश्याव्यवसायात विकली गेलेली. तो तिच्याशी लग्न करतो. ती पळून जाते, तो तिला परत आणतो.

इथे प्रश्न पडतो. ज्या मुलीला इतरांनी विकले, तिला क्षमा करायची ती कशाबद्दल?

याचे उत्तर मला पॉल या पात्रात सापडते. हा मायकेलचा मेहुणा. तो एंजलला तुच्छ लेखतो. पण तिला गाडीतून गावात सोडण्याची किंमत मात्र तिच्या देहाकडून वसूल करतो. अखेरीस तोच तिला शोधत जातो आणि आपला अपराध कबूल करतो. जिला सगळ्यांनी पापी ठरवले, तिच्याच हाती क्षमा करण्याचा अधिकार येतो. शेवटच्या वेळी मायकेलही तिच्यामागे जात नाही. काही वर्षांनी ती आपल्या पायांनी घरी येते.

अल्लाहचे एक नाव 'गफूर', म्हणजे क्षमाशील. या अरबी शब्दाच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. अल्लाह झाकतो ती पश्चात्ताप करणाऱ्याची लाज. माणसे मात्र क्षमेच्या नावाखाली अन्यायावरच पांघरूण घालतात.

'झाले गेले विसर, मोठ्या मनाने माफ कर' असे बाईला सांगणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांनी आधी अपराध्याला तिच्यापुढे आणून उभे करावे. माफ करायचे की नाही, ते ती ठरवील.