बॅरेक नंबर आणि लॅपटॉप नंबर
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'तू नक्की करतेस काय?' आयटीत आहे म्हटलं की लोक मला बंद पडलेला प्रिंटर दाखवतात, म्हणून आज एकदा नीट सांगून टाकते.

मी सिस्टिम्स इंजिनीअर आहे. कंपनीत माणूस रुजू झाला की त्याला लॅपटॉप मिळतो, काहींना मोबाईलही मिळतो. ते मशीन त्याच्या हातात पडण्याआधीपासून तो नोकरी सोडून ते परत करेपर्यंत सगळी व्यवस्था आमच्या विभागाकडे असते. कोणतं मशीन कोणाकडे आहे, त्यात कोणती सॉफ्टवेअर आहेत, नवे अपडेट चढले की नाही, हे आम्ही बघतो. फोन हरवला तर दुरून कुलूप लावतो किंवा त्यातली कंपनीची माहिती पुसतो.

कॅम्प चारच्या माणसाला हे काम समजावणं सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच बॅरेकमध्ये सिंधी निर्वासित कुटुंबं राहायला आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. लष्कर कधीच गेलं, बॅरेकच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण आपल्या पत्त्यात बॅरेक नंबर अजून आहे. लालचक्की असो की व्हीनस चौक, नंबर सांगितला की घर सापडतं. आमचंही तेच. प्रत्येक मशीनला नंबर आणि नंबरापुढे माणसाचं नाव. ज्याची नोंद नाही त्याची काळजी घेता येत नाही. बाकी सगळं शिक्षण त्यानंतरचं.

ही नोंद रोज कंटाळवाणी वाटते. तिची किंमत वाईट दिवशी कळते. अशा दोन दिवसांची गोष्ट सांगते.

पहिला दिवस २७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला आणि काही तासांत जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि त्याचा फटका थेट आपल्या न्हावा शेवाला बसला. जेएनपीटीमधल्या गेटवे टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. या व्हायरसला आत शिरायला जी दारं सापडली, त्यातलं एक बंद करणारा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच येऊन पडलेला होता. ज्यांनी तो चढवला नव्हता त्यांचं ते दार उघडंच राहिलं.

मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. ते शक्य कसं झालं? कोणता कर्मचारी कोण आणि कोणाला कशाची परवानगी, ही मुख्य यादी सांभाळणारे सर्व्हर जगभरात पुसले गेले होते. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. कारण हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेली होती! दहावीच्या अभ्यासात आपण लोडशेडिंगला किती शिव्या घातल्या, आठवा. इथे त्याच वीज जाण्याने एका जागतिक कंपनीची यादी वाचवली. पण नशिबाने वाचलेली प्रत म्हणजे व्यवस्था नव्हे. ती प्रत आपण होऊन वेगळी ठेवायची असते.

दुसरा दिवस १९ जुलै २०२४, शुक्रवार. या वेळी कोणी हल्ला केला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटला आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतला गेला. तेवढ्या ७८ मिनिटांत जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले.

उपाय अवघड नव्हता. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि एक फाईल काढून टाकायची. पण बहुतेक मशीन दुरून दुरुस्त होईनात, जवळ जाऊन हात लावावा लागत होता. आणि कंपन्यांच्या लॅपटॉपची डिस्क सहसा कुलूपबंद असते. ती उघडायला ४८ आकडी किल्ली लागते. ज्यांच्याकडे 'हे मशीन, हा माणूस, ही किल्ली' अशी नोंद होती त्यांचं काम आकडे वाचून दाखवण्यावर आलं. आणि ज्यांची किल्ल्यांची यादी त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवर होती, त्यांना आधी तो सर्व्हर जिवंत करावा लागला.

म्हणजे २०१७ मध्ये अपडेट न चढवल्याने नुकसान झालं आणि २०२४ मध्ये अपडेट सगळीकडे एकदम चढल्याने. म्हणून आम्ही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतो. आधी आमच्या स्वतःच्या मशीनवर, मग थोड्या लोकांना, मग सगळ्यांना. आई भाताचं एक शीत दाबून बघते, तसंच. क्राउडस्ट्राइकचा तो अपडेट त्यांच्याकडून थेट येत होता, ग्राहकांना तो असा थांबवून बघताच येत नव्हता. त्यानंतर त्या कंपनीनेही टप्प्यांची पद्धत आणली.

आता तुमच्या मनातला प्रश्न. 'कंपनी माझ्या फोनमधले फोटो बघते का?' फोन तुमचा असेल आणि अँड्रॉइडवर कंपनीचं वेगळं वर्क प्रोफाइल असेल, तर आमचा हात तेवढ्याच कप्प्यापर्यंत पोचतो. तुमचे फोटो, तुमचे मेसेज आम्हाला दिसत नाहीत आणि तुम्ही नोकरी सोडलीत की आम्ही तेवढाच कप्पा पुसतो. फोन कंपनीने दिलेला असेल तर मात्र त्यातली अॅप्सची यादी आम्हाला दिसू शकते. तेव्हा घरगुती गोष्टी त्यात ठेवू नका.

हे मुद्दाम सांगते, कारण आमची खरी अडचण मशीनपेक्षा भीतीची असते. लोकलच्या गर्दीत फोन गेला, चुकून भलत्या लिंकवर बोट पडलं, तर माणूस घाबरतो आणि दोन दिवस बोलत नाही. दहा मिनिटांत सांगितलं तर आम्ही बरंच वाचवू शकतो, दोन दिवसांनी फारसं काही हातात उरत नाही. म्हणून फोन आला की मी आधी 'बरं झालं लगेच सांगितलंत' म्हणते. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी सांगत नाही, हे इथे बसलेल्या शिक्षकांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

तुमच्यापैकी कोणाचा जीन्सचा कारखाना आहे, कोणाचं दुकान, कोणाचा क्लास. बहुतेकांचा सगळा हिशेब एकाच संगणकात असतो. आज घरी गेल्यावर तीन कामं करा. हिशेबाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क संगणकाला लावून ठेवू नका. संगणकात विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिचा नियमित आधार संपला आहे हे लक्षात घेऊन पुढची सोय बघा. आणि मोबाईलवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर डायरीत लिहा. फोन हरवला तर पोलीस तक्रारीनंतर संचार साथी पोर्टलवर तो बंद करायला हाच नंबर लागतो. पैशांची फसवणूक झाली तर वाट न बघता १९३० ला फोन करा.

शेवटचं, शाळेसाठी. आपल्या बॅचने शाळेला संगणक द्यायचं ठरवलं आहे. फार आनंद झाला. पण फीत कापल्यावर पुढच्या जूनपासून त्यांच्याकडे कोण बघणार? पासवर्ड एकाच सरांना माहीत आणि त्यांची बदली झाली तर? माझी विनंती आहे की दहाऐवजी आठच संगणक द्या आणि उरलेले पैसे देखभालीसाठी बाजूला ठेवा. प्रत्येकावर नंबर टाकू आणि एक वही करू, त्यात मशीन, दुरुस्ती आणि तारीख. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात राहतील. दर सहा महिन्यांनी आपल्यापैकी दोघांनी एका शनिवारी यायचं. पहिल्या शनिवारी मी येते, माझ्यासोबत कोण येतंय ते आजच सांगा.