गाडी आली, आवाज थांबला. पुढे काय?



रात्री शेजारून मारहाणीचा आवाज येतो आणि आपण ११२ लावतो. हा फोन आपल्या ठाण्यात लागत नाही, नियंत्रण कक्षात लागतो. तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. म्हणून ‘शाळेजवळ या’ एवढ्यानं भागत नाही. तालुका, गाव, वाडी सांगा. त्याच्या हातात कोयता-काठी असेल तर तेही सांगा.

गाडी दारात आली की घर एकदम शांत होतं. सासू पाण्याचा तांब्या आणते, नवरा हात जोडतो. पोलीस तिला विचारतात, “बाई, तक्रार द्यायचीय का?” तेही नवऱ्यासमोर! ती काय बोलणार? आम्ही गटातल्या बाया अशा वेळी एवढंच म्हणतो, “साहेब, तिला बाजूला घेऊन विचारा.”

काही पोलीस नीट ऐकतात. काही ‘घरातलं भांडण, आपसात मिटवा’ म्हणून निघतात. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातलं कलम ५ सांगतं, की संरक्षण अधिकारी, कोर्टाचा संरक्षण आदेश, मोफत वकील आणि फौजदारी तक्रारीचा हक्क, हे सगळं पोलिसांनी तिला सांगायचं असतं. तिनं मागायची वाट बघायची नसते.

आता एनसीचं. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. ती झाली तरी कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. बाईला वाटतं केस झाली, आणि कागद डब्यात पडून राहतो. नवरा किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वी ४९८-अ म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. मात्र त्याची तक्रार तिनं स्वतः किंवा तिच्या नात्यातल्या माणसानं द्यावी लागते. शेजारणीची चालत नाही. म्हणून माहेरच्यांना लगेच कळवा. शेजारीण संरक्षण अधिकाऱ्याला मात्र कळवू शकते, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर तिच्यावर काही शेकत नाही.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात लिहूनच घेत नसतील, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते. रजिस्टर करा आणि पावती गटाच्या वहीत चिकटवून ठेवा.