पट आणि पैसा

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन ठेवले. त्यातला हिशेब सरळ होता. सरकारी तिजोरीत महसूल येतो तो मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च वळतो वरच्या वर्गांकडे. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हा मुलाचा कायदेशीर हक्कही झाला. पण पैसा कोणीकडे वळतो, हा जोतीरावांचा सवाल अजून मिटलेला नाही.

आता हे बघा. शिक्षकांचे पगार शासन देते. खडू, वीजबिल, साबण, किरकोळ दुरुस्ती यांसाठी समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान असते. त्याचे ठरलेले दर पटावर आहेत. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, आणि हजारावर पट गेला तर १ लाख. तुम्ही म्हणाल, २५ मुलांच्या शाळेत दर मुलामागे ४०० रुपये पडतात, मोठ्या शाळेत शंभरच. मग लहान शाळेचे फावलेच की! वरवर पाहता तसे दिसते खरे. पण मंडळी, छप्पर काही मुले मोजून गळत नाही. दहा हजारांचे महिन्याला ८३३ रुपये होतात. त्यात वीजबिल भरायचे, की कौले बदलायची?

शिक्षकांचेही तेच. कायद्याने प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे चार-पाच इयत्ता दोघांत वाटून घ्यायच्या. एक गुरुजी बैठकीला गेले की दुसऱ्यांनी सगळी शाळा सांभाळायची.

उरलेली तूट लोकवर्गणीतून भागते. निफाडच्या द्राक्षपट्ट्यातले गाव मनावर घेईल तर शाळेला रंग देईल, संगणकही घेईल. सुरगाणा-पेठकडच्या पाड्याने वर्गणी कोठून काढावी? तिथली कितीतरी कुटुंबे पोटासाठी याच द्राक्षबागांत कामाला येतात. बागाईत गावाची सुबत्ता ज्यांच्या हातांवर उभी, त्यांच्याच मुलांच्या वाट्याला गळकी शाळा! आमच्या नाशिक रोडला महापालिकेच्या हाती शहराची घरपट्टी तरी आहे. पाड्याच्या ग्रामपंचायतीची वसुली ती केवढी!

यावर उपाय सुचवतात की लहान शाळा बंद करून मुले मोठ्या शाळेत पाठवा. कागदावर हे स्वस्त दिसते. पण पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे, आणि तो उगाच नाही. पावसाळ्यात ओहोळ भरला की सात वर्षांची पोर पलीकडे कशी जाणार? ती घरीच राहील. थोरली असेल तर धाकट्याला सांभाळील.

मग करावे काय? अनुदानाचे तीन भाग करावेत. पहिला, पट कितीही असो, शाळा चालायला लागणारी किमान रक्कम. दुसरा, मुलांच्या संख्येप्रमाणे. तिसरा, अडचणीप्रमाणे: दुर्गम गाव, स्थलांतर, घरातले पहिलेच शिकणारे मूल. ही कल्पना काही हवेतली नव्हे. हॉलंडमध्ये १९८५ पासून कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांसाठी शाळेला जादा पैसा देण्याची पद्धत आली. एकाच पंगतीत सर्वांना सारखे वाढले, तरी उपाशी आलेल्याला एक भाकरी जास्त लागतेच.

शासन नियम बदलील तेव्हा बदलील. तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. २००९ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि अनुदानाचा आधार तोच आराखडा धरायचा, असे कायदाच सांगतो. या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया. पुष्कळ ठिकाणी हा आराखडा गुरुजी एकटेच भरतात आणि पालक अंगठा किंवा सही देऊन मोकळे होतात. तसे करू नका. गुरुजनहो, आराखडा ग्रामसभेत मोठ्याने वाचा. पालकहो, छपराला किती लागतात, दारापर्यंत पाणी आणायला किती लागतात, ते आकडे त्यात घाला, आणि त्याची पोच मागून घ्या. जोतीरावांनी आयोगापुढे हिशेबच मांडला होता. आपणही तोच मांडू या.