सूट घ्यावी की अल्प व्याज?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सावेडी येथे दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी मला चार उपयुक्त शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर मुलांना सरळव्याजाची उदाहरणे घालण्यात गेलेले आयुष्य, एवढेच माझे भांडवल. म्हणून व्याजाचाच एक व्यवहार आज आपणांपुढे मांडतो. नवी मोटार घेताना विक्रेता दोन गोष्टी पुढे ठेवतो: एक तर किमतीत सूट घ्या, नाहीतर कमी व्याजाचे कर्ज घ्या. या दोहोंपैकी काय स्वीकारावे?

दसरा-पाडवा आला की या दोन वचनांचे फलक रस्त्यांवर झळकतात, वर्तमानपत्रांची पहिली पाने त्यांनी भरतात. मजकुराच्या शेवटी एक इवलीशी चांदणी असते आणि तिचा अर्थ पानाच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत छापलेला असतो की, आमच्या वयाच्या माणसाने भिंग घेऊनच बसावे. आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज नोकरीच्या पहिल्या पाचसात वर्षांत मोटार घेतात, आणि लग्नानंतरच्या त्याच वर्षांत घरभाडे, मुलांच्या शाळा व आईवडिलांचे आजारपण यांचाही भार असतो. त्या काळात दरमहा दोनतीनशे रुपयांचा फरकही संसाराला जाणवतो, मग दहा-अकरा हजारांची गोष्ट तर विचारूच नका.

आमच्या तरुणपणी हा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा विक्रेता राजा होता. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. १९८३ साली मारुती ८०० ची नोंदणी झाली, तेव्हा ग्राहकांनी दहा हजार रुपये अगोदर भरले आणि मग गाडीची वाट पाहिली. म्हणजे उसने पैसे कंपनीने वापरले आणि तिष्ठत बसला तो ग्राहक! अशा काळात सूट कोण देणार? ग्राहकांपेक्षा माल अधिक झाला की सूट जन्माला येते. अमेरिकेत हे फार पूर्वी घडले. जनरल मोटर्सने गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची संस्था १९१९ सालीच काढली होती. १९७५ च्या जानेवारीत गाड्या पडून राहू लागल्या, तेव्हा क्रायस्लर कंपनीने ग्राहकाला रोख पैसे परत देण्यास आरंभ केला. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बाजार थंडावला, तेव्हा जनरल मोटर्सने शून्य टक्के व्याजाची टूम काढली. आज आपल्या दारी आलेली वचने ती हीच.

येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी. कोणतीही बँक शून्य टक्क्याने किंवा निम्म्या दराने पैसे देत नाही. तिलाही ठेवीदारांना व्याज द्यावेच लागते. मग कमी पडणारे व्याज कोण भरतो? गाडी बनवणारी कंपनी अथवा विक्रेता ते बँकेला भरून देतो. ते ज्या थैलीतून जाते, त्याच थैलीतून आपल्याला सूटही मिळू शकली असती. यास्तव अल्प व्याजासाठी सोडून दिलेली सूट हे अगोदरच भरलेले व्याज होय. त्याला व्याज म्हणत नाहीत, एवढेच.

ही युक्ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पूर्वी सावकार शंभरांचा दस्त लिहून घेई आणि मनोती कापून हातावर नव्वदच ठेवी. दर मात्र दस्तात लिहिलेलाच सांगे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत, आपल्याकडे पारनेर-श्रीगोंद्याच्या बाजूस, कुणब्यांनी सावकारांचे दस्त जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि दस्तावरील आकड्याच्या मागे जाऊन प्रत्यक्ष देवघेव किती झाली, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. आजच्या दुकानदाराला त्या सावकाराच्या पंक्तीस बसवण्याचा माझा हेतू नाही. तो कायद्याने चालतो आणि आपण स्वखुशीने सही करतो. परंतु आकड्याच्या मागे पाहण्याची सवय मात्र आपण त्या कायद्यापासून घ्यावी.

रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना याच अर्थाची सूचना केली. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते, आणि वस्तूच्या किमतीवर सूट असेल तर ती कर्जाच्या रकमेतून वजा करावी, व्याजाचा दर कमी करून दाखवू नये, असा तिचा आशय होता. तरीही निरनिराळ्या वेषांत ही योजना पुढे येतच राहते.

आता उदाहरणाकडे वळू. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी दोन कागद घेऊन घरी आला. म्हणाला, "गुरुजी, सहा टक्के कुठे आणि साडेनऊ कुठे! यात विचार कसला करायचा?" गाडी सर्व खर्च धरून आठ लाखांची होती आणि जवळ दोन लाख रोख होते. पहिल्या कागदाप्रमाणे चाळीस हजारांची सूट होती, पण कर्ज बँकेकडून साडेनऊ टक्क्यांनी काढायचे. दुसऱ्या कागदाप्रमाणे सूट नाही, परंतु कर्ज सहा टक्क्यांनी. मी त्याला म्हटले, "बाळ, दर नंतर पाहू. अगोदर कर्ज किती काढावे लागते ते सांग." सूट घेतली तर पाच लाख साठ हजार, न घेतली तर सहा लाख. दर पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून हा चाळीस हजारांचा फरक नेमका निसटतो.

मग आम्ही दोघे गणितास बसलो. तीन वर्षांची मुदत धरली तर सूट घेणाऱ्याचा हप्ता १७,९३८ रुपये येतो आणि सहा टक्केवाल्याचा १८,२५३. म्हणजे दर जास्त असूनही सूट घेणारा दरमहा ३१५ रुपयांनी आणि एकंदर अकरा हजारांहून अधिक रकमेने फायद्यात राहतो. चार वर्षांची मुदत धरली तर हप्ते १४,०६९ आणि १४,०९१ येतात. पारडी जवळजवळ समान. पाच वर्षे धरली की तराजू उलटतो: सूट घेणाऱ्याचा हप्ता ११,७६१ आणि सहा टक्केवाल्याचा ११,६००. येथे अल्प व्याजाने साडेनऊ हजारांवर बचत होते. गाडी तीच, दर तेच, केवळ मुदत बदलली आणि उत्तर फिरले. कारण उघड आहे. सूट एकदाच मिळते, व्याजातील सवलत महिन्यामहिन्याने मिळते. जितके महिने अधिक, तितकी तिची बेरीज मोठी.

विद्यार्थ्याला पाच वर्षेच हवी होती. तो म्हणाला, "म्हणजे सहा टक्केच बरे." तेवढ्यात बोलण्यातून निघाले की त्याची विम्याची पॉलिसी दोन वर्षांनी पुरी होणार आहे आणि त्या पैशांतून कर्ज एकदम फेडण्याचा त्याचा बेत आहे. पुन्हा कागद घेतला. दोन वर्षांअखेर सूट घेणाऱ्याकडे सुमारे ३,६७,००० रुपये देणे उरते आणि सहा टक्केवाल्याकडे सुमारे ३,८१,०००. हप्त्यांपोटी सूटवाल्याने तोवर चार हजारांच्या आत अधिक भरलेले असतात, पण देणे चौदा हजारांनी कमी. दहा हजारांचा लाभ सरळ सुटीकडे गेला. गाडी लवकर विकणारालाही हेच लागू आहे. शिर्डी-शिंगणापूरच्या फेऱ्यांसाठी गाडी घेणारे आपले काही बांधव ती चारपाच वर्षांच्या आतच बदलतात, त्यांनी हा हिशेब अवश्य करावा. मात्र स्थिर दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क असू शकते, ते सहीपूर्वी विचारून घ्यावे.

या साऱ्या गणिताला एक अट आहे. सुटीचे चाळीस हजार कर्ज कमी करण्याकडेच गेले पाहिजेत. ते आसनांची आवरणे, मोठी चाके आणि ध्वनिक्षेपक यांत गेले, तर हप्ता सहा लाखांचाच राहतो आणि व्याज मात्र साडेनऊ टक्क्यांचे. दुकानातील मुले हे सुचवण्यात फार तरबेज असतात, बिचाऱ्यांची नोकरीच ती.

शून्य टक्क्याविषयीही सांगतो. एक लाखाची दुचाकी रोखीने पंचाण्णव हजारांना मिळते आणि तीच बारा हप्त्यांनी, 'बिनव्याजी', पूर्ण लाखाला. येथे खरे कर्ज पंचाण्णव हजारांचे आणि व्याज पाच हजार. पुष्कळांना वाटते, म्हणजे पाच टक्केच की! तसे नाही. दरमहा आपण फेड करीत असल्याने वर्षभरात सरासरीने निम्मीच रक्कम आपल्याकडे राहते, म्हणून हा दर वर्षाला सुमारे साडेनऊ टक्के पडतो. पहिला हप्ता आगाऊ घेतला किंवा प्रक्रिया शुल्क लावले, तर त्याहूनही अधिक. 'फ्लॅट' दर म्हणून सांगतात, त्याचीही जात हीच. पाच वर्षांचा सहा टक्के फ्लॅट दर घटत्या शिलकेवर मोजला तर १०.८५ टक्क्यांच्या आसपास जातो. दर ऐकताच "फ्लॅट की घटत्या शिलकेवर?" असा प्रश्न तोंडून निघालाच पाहिजे.

सुदैवाने आता हे विचारण्यास कागदाचा आधार आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला मुख्य तथ्यांचे एक पत्रक, तेही त्याला समजेल अशा भाषेत, देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. सर्व शुल्के धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात लिहिलेले असते. ते मागून घ्यावे. त्यात एकच उणीव राहते: आपण सोडलेली सूट त्यात दिसत नाही, कारण बँकेच्या लेखी तुम्ही सहा लाखच घेतलेले असतात. ती आपणच मिळवावी लागते.

सुटीचेही प्रकार आहेत. बिलातच मूळ किमतीतून वजा झालेली सूट उत्तम, कारण वस्तू व सेवा करही त्या कमी किमतीवर बसतो. जुनी गाडी दिल्यास मिळणारी वाढीव रक्कम, विशिष्ट नोकरदारांसाठीची सूट, फुकट विमा यांची बेरीज करून मोठा आकडा सांगतात. त्यांपैकी आपल्याला लागू काय, हे निवडून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला. ती सरकारने केलेली करकपात आहे, दुकानाने दिलेली सूट नव्हे. डिसेंबरात सूट वाढते ती एवढ्यासाठी की, जानेवारी उजाडताच ती गाडी गतवर्षीची ठरते. गाडी दहाबारा वर्षे वापरणाराने ती आनंदाने घ्यावी, लवकर विकणाराने मात्र विकतानाचा तोटा आधी मनात धरावा.

ज्यांच्याजवळ पूर्ण रक्कम आहे, त्यांना अल्प व्याजाचा काहीच उपयोग नाही, त्यांनी सूटच मागावी. "सूट आमच्याकडूनच कर्ज घेतले तर" असे उत्तर मिळाले, तर दुकानाला कर्जावर दलाली मिळते असे बहुधा समजावे आणि दुसऱ्या दुकानाचे दरपत्रक आणावे. कर्ज काढणाऱ्यांनी दुकानात पाय ठेवण्यापूर्वी आपली बँक आणि नोकरदारांची पतसंस्था यांचे दर लिहून न्यावेत. दोन्ही कागदांवर हातची रोख रक्कम समान धरावी, मुदत समान धरावी आणि मग फक्त हप्ता पाहावा. गणित न येणाऱ्यालाही एवढे साधते.

तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुदतीचे, सहापासून बारा टक्क्यांपर्यंत दर लाखास पडणाऱ्या हप्त्यांचे एक कोष्टक मी हाताने तयार केले आहे. त्याच्या प्रती चिटणिसांकडे ठेवल्या आहेत. ज्यांना या वर्षी गाडी घ्यावयाची आहे, त्यांनी ती जाताना घेऊन जावी. आणि ज्यांच्या हाती आधीच दोन कागद आलेले असतील, त्यांनी ते घेऊन रविवारी सकाळी मजकडे यावे. मी घरीच असतो.