कोठार एक असावे की अनेक?

जून १९९१ची गोष्ट. अमेरिकेत अ‍ॅस्पेन येथे पदार्थवैज्ञानिक जमले होते. छापण्यापूर्वीचे शोधनिबंध, म्हणजे प्रीप्रिंट, तेव्हा ई-मेलने फिरू लागले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्पेंटा वाडिया यांनी काळजी बोलून दाखवली, की आपण प्रवासात असताना निबंध येत राहिले तर संगणकावरची आपली जागा भरून जाईल. पॉल गिन्सपार्ग यांनी ते ऐकले आणि ऑगस्टमध्ये सर्वांसाठी एक सामायिक कोठार उघडले. तेच पुढे 'अर्काइव्ह' झाले.

पूर्वी टपालाने प्रती येत, त्या निवडक संस्थांकडेच. कोठारामुळे लहान गावच्या प्राध्यापकालाही नवा निबंध त्याच दिवशी मिळू लागला.

पण कोठार एक, म्हणजे दारवानही एक. त्याने निबंध नाकारला तर दाद कुठे मागायची? पैसा आटला तर काय? म्हणून काहीजण म्हणतात, प्रत्येक विद्यापीठाने आपापले कोठार ठेवावे. मग वाचकाने किती दारे ठोठवायची?

मला वाटते, शोधायची खिडकी एक असावी. प्रती मात्र अनेक देशांत असाव्यात. आणि नकाराचे कारण लेखी मिळावे. ज्ञानाचे कोठार एकाच किल्लीवर सोडू नये.