फेफरे आले असता
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वधूवर-परिचयाच्या मंगल दिवशी आजाराचा विषय काढणे कित्येकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु परिचयपत्रिकेत ज्याचा उल्लेख कधीच येत नाही, त्या अपस्माराविषयीच चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. घरोघरी यास फेफरे, मिरगी किंवा फिट म्हणतात.

चरकसंहितेतही याचे वर्णन आहे. म्हणजे रोग जुना, आणि त्यास रोगच मानणारेही जुने. मेंदूच्या पेशींचे व्यवहार सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने चालतात. त्यांत अकस्मात गोंधळ उडाला म्हणजे झटका येतो. बाधा, करणी यांचा त्याशी संबंध नाही, आणि तो स्पर्शाने लागतही नाही. दर वेळी माणूस कोसळतोच असे नव्हे. वर्गात एखादे मूल वाचता वाचता थांबते, काही क्षण शून्यात पाहते आणि पुन्हा वाचू लागते. असे वारंवार होऊ लागले तर त्यास वेंधळे न ठरविता डॉक्टरांस दाखवावे.

माणूस कोसळला म्हणजे आपल्याकडे काय घडते? एक जण कांदा फोडतो, दुसरा पायांतील वहाण काढून नाकाशी धरतो, तिसरा दातखीळ सोडविण्यास चमचा घेऊन सरसावतो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप शमतो. श्रेय मात्र वहाणेस मिळते! चमच्याने दात तुटतात, आणि तुकडा श्वासनलिकेत गेला तर प्राणावर बेतते. जीभ गिळली जाते ही समजूत खोटी आहे. ती चावली जाते खरी, पण ती जखम भरून येते.

करावयाचे ते थोडेच आहे. प्रथम घड्याळ पाहावे. खुर्ची, समई, विस्तव दूर सारावा. डोक्याखाली घडी केलेला पंचा ठेवावा. गळ्याची गुंडी सैल करावी. हातपाय दाबून धरू नयेत. आचके ओसरताच कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून श्वास मोकळा राहतो. पूर्ण शुद्ध येईतो पाणीही पाजू नये. बघ्यांस हटवावे, वस्त्र कित्येकदा ओले झालेले असते, आणि भोवतीची तोंडे पाहून वाटणारी लाज झटक्याहून जड असते. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, शुद्ध येण्यापूर्वी दुसरा आला, तो आयुष्यातील पहिलाच असला, इजा झाली किंवा स्त्री गर्भवती असली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

योग्य औषध नियमित घेतल्यास शंभरांतील सुमारे सत्तर रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. गोळी एकाएकी बंद केली मात्र झटक्यांमागून झटके येण्याचे भय असते. लग्नाचा प्रश्न येतो तो येथे. सासरी कळू नये म्हणून मुलीच्या गोळ्या ट्रंकेच्या तळाशी जातात, आणि मग शेगडीपाशी व्हावयाचे ते होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहास बाधा म्हणून घातली गेली. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढूनही टाकली. कायद्याने सोडले ते ज्ञातीने का धरून ठेवावे? अशी मुलगी संसार करू शकते, आई होऊ शकते. गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवून घ्यावे लागते एवढेच, आणि ते घरच्यांपासून चोरून साधत नाही. म्हणून मुलगी असो वा मुलगा, लग्न ठरण्यापूर्वीच सांगावे. समोरच्यांनीही पत्रिकेआधी डॉक्टरांचा कागद पाहावा. आणि ज्या घरी असा रुग्ण आहे, तेथे न्हाणीघराची कडी आतून न लावण्याचा रिवाज आजपासूनच ठेवावा.